परसांतलें तळें आणि त्याच्या पाण्याचें आरोग्य

अकोला जिल्ह्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, हिवरखेड नांवाचें गांव आहे. वऱ्हाडांत या नांवाचीं गांवें एकाहून अधिक आहेत. मी म्हणतों तें तेल्हारा तालुक्यांतील. त्या गांवीं माझ्या मावशीचें घर आहे. घरामागें मोठें परस, त्यांत एक कडुनिंब, एक विहीर आणि भाजीचे चार वाफे. कांहीं वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत मावशीच्या नातवानें तेथें मासे पाळण्यासाठीं तळें करण्याचा हट्ट धरला. गवंडी आला, दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट खोल असा हौद बांधून झाला, त्यावर सिमेंटचा गिलावा चढला, चौथ्या दिवशीं पाणी भरलें आणि पांचव्या दिवशीं शहरांतून आणलेले बारा सोनेरी मासे त्यांत सोडण्यांत आले. मुलानें मोठ्या प्रेमानें दिवसांतून चार चार वेळां त्यांना पोळीचा कुस्करा घातला. आठवडा पुरा झाला नाहीं तोंच मासे पाण्याच्या पृष्ठभागीं येऊन तोंडाची उघडझांप करूं लागले, आणि दोन दिवसांत एकामागून एक सारे पोट वर करून तरंगले.

मावशीनें हौद उपसला, घासून लख्ख केला, नवें पाणी भरलें, नवे मासे आणले. पुन्हां तोच प्रकार. असें तीनदां झालें. त्या दिवसांत गांवांत नळाला रोज पाणी येत नव्हतें. कुंपणापलीकडून शेजारीणबाई म्हणाल्या, “माणसाईले पाणी भेटत नाही, अन् मासोयाईले तीन-तीन खेपा नवं पाणी!” मावशी कांहीं बोलली नाहीं. मुलगा त्या कोरड्या हौदाच्या कांठावर पाय सोडून बसून राहिला.

आज मी आपणांपुढें जो विषय मांडणार आहें, तो त्या दिवशीं त्या कांठावर बसलेल्या दोन प्रश्नांतून निघाला आहे. पहिला प्रश्न मुलाचा : पाणी स्वच्छ, हौद स्वच्छ, खाणें भरपूर, मग मासे मेले कां? दुसरा शेजारीणबाईंचा : जेथें माणसाला पाणी जपून वापरावें लागतें, तेथें परसांत माशांचें तळें ठेवण्याचा गृहस्थाला अधिकार तरी आहे काय? या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें इतिहासांत आहेत; आणि शोधूं गेल्यास तीं दोन नसून एकच आहेत, असें आढळून येतें.

प्रथम आपल्या प्रदेशाकडे पाहूं. हिवरखेडच्या उत्तरेस सातपुड्याची भिंत आहे आणि दक्षिणेस पूर्णा नदीचें खोरें. या खोऱ्यांतला मोठा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील सुमारें नऊशें खेडीं त्यांत मोडतात. तेथें विहीर खणली तर पाणी लागतें, पण तें खारट. त्या पाण्यापासून एके काळीं मीठ काढीत असत. अशा मुलखांत आकाशांतून पडणारें गोडें पाणी सांठवून ठेवणें आणि सांठवलेलें पाणी बिघडूं न देणें, हीच जगण्याची विद्या होती.

ही विद्या पाहावयाची असेल तर हिवरखेडाहून फार लांब जावयास नको. अकोटच्या उत्तरेस डोंगरावर नरनाळ्याचा किल्ला उभा आहे. त्याच्या महाकाली दरवाजावर १४८७ सालचा शिलालेख आहे. या किल्ल्यावर नदी नाहीं, ओढा नाहीं. जें कांहीं पाणी होतें तें पावसाचें. शक्कर तलावासारखे उघडे तलाव आणि दगडानें झांकलेलीं टाकीं यांच्या आधारावर तेथें सैन्य राहिलें, राजे राहिले, गुरेंढोरें राहिलीं. तिकडे चिखलदऱ्याजवळ, बहामनी सुलतान अहमदशहा वली यानें पंधराव्या शतकांत बांधलेल्या गाविलगडावरही असेच तलाव आहेत, आणि त्यांतील एकाचें नांव मछली तलाव असें आहे. किल्ल्यावरील पाण्याला माशाचें नांव मिळावें, ही गोष्ट मला लहान वाटत नाहीं. आपल्याकडे जुन्या विहिरींतही मासे आणि कांसवें सोडण्याची चाल होती. मासा पाणी नासवीत नाहीं, उलट योग्य प्रमाणांत असेल तर राखतो, हा अनुभव लोकांच्या पदरीं पिढ्यान्‌पिढ्या होता. त्याची उपपत्ति मात्र कोणास सांगतां आली नसती.

मासे पाळण्याच्या कलेचा लेखी इतिहासही जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत बांधलेल्या जलाशयांतील माशांवर राजाचें स्वामित्व सांगितलें आहे. म्हणजे त्या काळीं तलावांतील मासे ही हिशेबांत धरण्याजोगी संपत्ति होती. चीन देशांत फान ली या पुरुषाच्या नांवावर मोडणारा मत्स्यपालनाचा लहानसा ग्रंथ ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांतील मानला जातो. ज्या सोनेरी माशासाठीं आमचा मुलगा रडला, त्याची जोपासनाही चीनमध्येंच, सोंग राजवंशाच्या काळांत, म्हणजे ९६० ते १२७९ या अवधींत भरभराटीस आली. आपल्या जवळचा दाखला घ्यावयाचा तर कल्याणीच्या चालुक्य वंशांतील राजा तिसरा सोमेश्वर याचा घ्यावा लागेल. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यानें रचविलेल्या मानसोल्लास ग्रंथांत मत्स्यविनोद नांवाचें प्रकरण आहे. माशांच्या जाति कोणत्या, कोणता मासा नदीचा व कोणता समुद्राचा, कोणास कोणतें खाद्य आवडतें, यांचें त्यांत बारकाईनें वर्णन केलें आहे. राजाच्या करमणुकीसाठीं लिहिलेलें हें प्रकरण आज मत्स्यशास्त्राचे अभ्यासक आदरानें वाचतात.

परंतु या साऱ्या जुन्या ज्ञानाला एक मर्यादा होती. मासा काय खातो हें लोक जाणत होते. मासा खाऊन जें टाकतो त्याचें पाण्यांत पुढें काय होतें, हें कोणी जाणत नव्हतें. म्हणून पाणी बिघडलें कीं उपाय एकच सुचे, तो म्हणजे पाणी बदलणें. ज्याच्यापाशीं धन होतें त्यानें हा उपाय कोणत्या थराला नेला, त्याची एक रोमन कथा प्रसिद्ध आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत लुकुलस नांवाच्या धनाढ्य सेनापतीनें नेपल्सजवळच्या आपल्या मत्स्यतलावांत समुद्राचें ताजें पाणी यावें म्हणून डोंगर फोडून कालवा काढला. श्रोतेहो, माझ्या मावशीनें तीनदां हौद उपसला आणि लुकुलसानें डोंगर फोडला; दोघांचा विचार एकच होता. फरक एवढाच कीं लुकुलसापाशीं समुद्र होता आणि मावशीपाशीं आठवड्यांतून मोजक्या वेळां येणारा नळ.

पाणी न बदलतां राखण्याची कला मात्र आपल्याच विदर्भाच्या पूर्वभागांत मोठ्या प्रमाणावर नांदत होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत हजारों जुने तलाव आहेत. कोहळी समाजाच्या लोकांनीं ते मुख्यतः धान आणि ऊंस यांसाठीं बांधले, आणि त्यांतील मासेमारीवर धीवर समाजानें पिढ्यान्‌पिढ्या निर्वाह केला. मालगुजारांच्या ताब्यांत असल्यामुळें यांना मालगुजारी तलाव हें नांव पडलें. १९५१ सालीं मालगुजारी संपुष्टांत आली आणि तलाव सरकारच्या हातीं गेले. पुढें त्यांत झपाट्यानें वाढणाऱ्या माशांचें बीज सोडण्यांत आलें, कांठावर बेशरमाचीं झुडपें माजलीं, तळाशीं उगवणाऱ्या देशी पाणवनस्पति कमी होत गेल्या, आणि त्यांबरोबर देशी मासेही कमी झाले. अलीकडच्या काळांत तेथल्या धीवर बंधुभगिनींनीं अभ्यासकांच्या साह्यानें एक निराळाच मार्ग धरला. उन्हाळ्यांत तलावाचा उघडा पडलेला तळ नांगरावयाचा, बेशरम उपटून टाकावयाचा आणि दुसऱ्या चांगल्या तलावांतून आणलेल्या पाणवनस्पति त्यांत लावावयाच्या. वनस्पति परतल्या तसे देशी मासेही परतूं लागले. आधीं झाड आणि मग मासा, हा त्यांचा क्रम आपण ध्यानांत ठेवूं. कारण पुढें शास्त्रानेंही हाच क्रम सांगितला आहे.

या शास्त्राची कथा आतां थोडक्यांत सांगतों. १७७१ सालीं इंग्लंडांत जोसेफ प्रीस्टली यानें एक साधा प्रयोग केला. बंद भांड्यांत मेणबत्ती जळून विझली कीं आंतली हवा दूषित होते. पण तींत पुदिन्याची डहाळी ठेवली तर कांहीं दिवसांनीं त्याच हवेंत मेणबत्ती पुन्हां जळूं शकते, असें त्याला दिसलें. १७७९ सालीं इंगेनहाउस या डच वैद्यानें दाखवून दिलें कीं वनस्पति हें काम सूर्यप्रकाशांतच करते, अंधारांत करीत नाहीं. प्राणी ज्या हवेला बिघडवतो तिला वनस्पति सुधारते, हा सृष्टीचा देवघेवीचा व्यवहार त्यामुळें माणसाच्या लक्षांत आला.

हाच व्यवहार पाण्यांत चालतो काय, हें पाहण्याचें श्रेय लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाकडे जातें. त्यानें बारा गॅलन पाण्याच्या कांचपात्रांत दोन लहान सोनेरी मासे ठेवले आणि वाळू व माती यांत व्हॅलिस्नेरिया नांवाची, लांब फितीसारख्या पानांची पाणवनस्पति लावली. पाणी बदलावयाचें नाहीं, अशी अट होती. कांहीं काळ सारें सुरळीत चाललें. पुढें वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें, कांचेवर हिरवा थर चढला. दुसरा कोणी असता तर त्यानें पात्र घासून पुन्हां भरलें असतें. वॉरिंग्टननें त्यांत पांच-सहा पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें व शेवाळ खाऊन टाकलें आणि पाणी निवळलें. १८५० सालीं त्यानें हा वृत्तांत विद्वानांपुढें ठेवला. पुढें तीनच वर्षांनीं, १८५३ मध्यें, लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं मत्स्यालय उघडलें आणि घरोघरीं कांचेचीं मत्स्यपात्रें ठेवण्याचें वेडच त्या देशांत पसरलें.

तरीही एक कोडें उरलें होतें. मासा आपल्या कल्ल्यांवाटें अमोनिया पाण्यांत सोडतो. न खाल्लेलें अन्न आणि कुजणारीं पानें यांतूनही अमोनियाच निघतो. हा माशाला विष आहे. वनस्पति त्यांतला कांहीं भाग शोषून घेतात हें खरें. पण जुन्या तळ्यांत तो जवळजवळ दिसेनासा होतो आणि नव्या तळ्यांत मात्र सांचत जातो, हें कां? याचें उत्तर माशांच्या अभ्यासांतून नव्हे, तर गांवाच्या सांडपाण्याच्या अभ्यासांतून मिळालें. १८७७ सालीं फ्रान्समध्यें श्लेसिंग आणि म्युंट्झ या दोघांनीं वाळू व चुनखडी भरलेल्या लांब नळींतून सांडपाणी हळूहळू झिरपूं दिलें. पहिले वीस दिवस कांहींच घडलें नाहीं. जसा अमोनिया आंत जाई तसाच बाहेर येई. मग एकाएकीं त्याचें सोऱ्यांत, म्हणजे नायट्रेटमध्यें, रूपांतर होऊं लागलें. नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच हें काम बंद पडलें. पुढें त्यांत बागेच्या मातीचें धुवण घालतांच कांहीं दिवसांनीं तें पुन्हां सुरू झालें. यावरून सिद्ध झालें कीं हें काम निर्जीव वाळूचें नसून तिच्यावर वस्ती करणाऱ्या जिवंत जंतूंचें आहे.

आणि योगायोग असा कीं हा धागा इंग्लंडांत ज्यानें पुढें नेला त्याचेंही नांव रॉबर्ट वॉरिंग्टन. तो गोगलगाईवाल्या वॉरिंग्टनचाच मुलगा. रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रांत काम करतांना त्यानें दाखवून दिलें कीं हें रूपांतर दोन पायऱ्यांनीं होतें : कांहीं जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात. नायट्राइटही माशाला घातकच. नायट्रेट मात्र त्या मानानें सौम्य असून वनस्पतींचें तें अन्न आहे. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानें हे जंतु वेगळे काढून दाखविले. बापानें तळ्यांतले डोळ्यांना दिसणारे सेवक ओळखले, आणि मुलानें न दिसणारे.

आपल्या शेतकऱ्याला ही गोष्ट नांव न घेतां ठाऊक होती. गांवठाणाच्या पांढरीची माती शेतांत टाकली कीं पीक जोरांत येतें, हें तो जाणतो. त्या मातींत याच जंतूंनीं तयार केलेला सोरा असतो. जुन्या काळीं तोफांच्या दारूलाही सोरा लागे, आणि तो अशाच मातींतून काढीत. नरनाळ्याच्या तोफांत जें बळ होतें आणि आमच्या हौदांत ज्याचा अभाव होता, तें एकाच अदृश्य कारागिराचें काम होतें.

आतां मुलाच्या प्रश्नाचें उत्तर देतां येईल. तो हौद स्वच्छ होता, हाच त्याचा दोष होता. त्यांत वनस्पति नव्हती, गोगलगाय नव्हती, आणि ते सूक्ष्म जंतु तर मुळींच नव्हते. कारण त्यांची वस्ती दगडांवर व भिंतींवर जमावयास तीन ते सहा आठवडे लागतात. अशा रिकाम्या घरांत बारा मासे एकदम आले आणि चार वेळचें अन्न पडलें. अमोनिया वाढत गेला. त्यांत ओल्या सिमेंटमधून चुना उतरत होता. चुन्यानें पाणी अल्कधर्मी होतें आणि अशा पाण्यांत अमोनियाचें विष पुष्कळ तीव्र होतें. अल्कधर्मी पाणी माशास किती जड जातें, याचें टोकाचें उदाहरण वऱ्हाडांतच आहे. लोणारच्या सरोवराचें पाणी शतकानुशतकें इतकें क्षारयुक्त राहिलें कीं साधारण माशास त्यांत राहणें अशक्य होतें. तेथें सूक्ष्म जीव मात्र सुखानें नांदले, आणि २०२० च्या जून महिन्यांत तें सरोवर गुलाबी दिसलें तेंही त्यांच्यामुळेंच. इकडे मावशीनें हौद घासला तेव्हां जी थोडीबहुत वस्ती जमूं लागली होती तीही धुऊन गेली. वर नळाच्या पाण्यांतील क्लोरीननें उरलेले जंतु मारले आणि माशांचे कल्ले पोळले. प्रत्येक नवें पाणी हें नवें संकट होतें.

यांत वैशाखाच्या उन्हाची भर पडली. पाणी जितकें तापेल तितका त्यांत प्राणवायु कमी विरघळतो. २० अंशांच्या पाण्यांत दर लिटरला सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, ३० अंशांवर सुमारें साडेसात आणि ४० अंशांवर साडेसहाच्याही खालीं. उलट उष्णतेनें माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. इंगेनहाउसनें सांगितल्याप्रमाणें वनस्पति उजेडांत प्राणवायु देतात. रात्रीं मात्र त्याही तो घेतात. म्हणून तळ्यांतला सर्वांत कठीण प्रहर हा पहांटेचा. सूर्योदयापूर्वीं मासे वर येऊन तोंड उघडूं लागले तर ते भुकेले नसून गुदमरले आहेत असें समजावें. त्या वेळीं अन्न न घालतां घागरीनें उंचावरून पाणी पाडावें, म्हणजे हवा पाण्यांत मिसळते.

ज्यांना घरीं असें तळें करावयाचें असेल त्यांच्यासाठीं या इतिहासाचें तात्पर्य थोडक्यांत सांगतों. हौद सिमेंटचा असेल तर तो भरून, कांहीं दिवस ठेवून, उपसावा. असें दोन-तीनदां करून चुना जाऊं द्यावा आणि तें पाणी बांधकामाच्या कामीं लावावें. जागा अशी निवडावी कीं सकाळचें ऊन मिळेल व दुपारचें टळेल. पण झाडाचा पाला थेट पाण्यांत पडूं नये. खोली तीन फुटांहून कमी नसावी. नळाचें पाणी एक-दोन दिवस उघडें ठेवून मग घालावें. आधीं वनस्पति लावाव्यात : बुडून राहणारी एखादी, आणि पृष्ठभागाचा अर्धा भाग झांकील इतकें कमळ अथवा कमोद. जलपर्णी मात्र कितीही सुंदर दिसली तरी आणूं नये. ती सारें पाणी झांकून टाकते. मग गोगलगाई. चांगल्या, निरोगी जुन्या तळ्यांतले चार शेवाळलेले दगड आणून ठेवले, तर अदृश्य जंतूंची वस्ती लवकर जमते. ती बागेच्या मातीच्या धुवणाचीच युक्ति आहे. महिनाभर वाट पाहून दोन-तीन मासे सोडावे, आणि ते सुखरूप आहेत असें पाहून एक-दीड महिन्यानें आणखी दोन-तीन. पांच मिनिटांत संपेल तेवढेंच अन्न घालावें. पाणी फिकट हिरवें झालें म्हणून घाबरूं नये. सारें पाणी कधींही एकदम बदलूं नये. आठवड्यास कांहीं बादल्या तळाचें पाणी काढून तितकेंच नवें घातलें म्हणजे पुरे.

एका गोष्टीविषयीं मात्र इतिहास सावध करतो. १८९७ सालीं रोनाल्ड रॉस यानें सिकंदराबाद येथें हिंवतापाचा डांसांशीं असलेला संबंध सिद्ध केल्यावर डांसांच्या अळ्या खाणाऱ्या माशांना मोठें महत्त्व आलें. अमेरिकेंतला मूळचा गंबुसिया मासा १९२८ सालीं इटलीहून आपल्या देशांत आणण्यांत आला. परसांतल्या तळ्यांत मासे असले तर डांस होत नाहींत हें अगदीं खरें. पण हाच परदेशी मासा नदीओढ्यांत शिरला कीं देशी माशांचीं अंडीं-पिलें खाऊन टाकतो, हें जगभर अनुभवास आलें. तेव्हां परसांतला कोणताही मासा नको झाला म्हणून नदींत, विहिरींत वा धरणांत सोडूं नये. आपल्या तळ्याचें आरोग्य राखतांना दुसऱ्याचें पाणी बिघडवूं नये.

राहतां राहिला शेजारीणबाईंचा प्रश्न. त्याचें उत्तर शब्दांनीं देण्यापेक्षां हिवरखेडला पुढें काय झालें तें सांगतों. मावशीनें त्या उन्हाळ्यांत हौद तसाच ठेवला. पावसाळा आला, पहिल्या सरींनीं छप्परावरची धूळ वाहून गेल्यावर पन्हळ हौदाकडे वळविला आणि पांच हजार लिटरांचा तो हौद आकाशाच्या पाण्यानें भरला. नळाचें एक घागरभरही पाणी त्याला लागलें नाहीं. आषाढांत वनस्पति लागल्या, श्रावणांत गोगलगाई आल्या. मुलगा रोज येऊन पाही आणि विचारी, “आज आणूं काय मासे?” मावशी म्हणे, “थांब.” भाद्रपदांत तीन मासे सोडले, दिवाळीनंतर आणखी तीन. पुढचा वैशाख आला. हौदांतलें एक सेंटिमीटर पाणी उन्हानें उडालें तर सुमारें ५५ लिटरांची तूट पडते, असा हिशेब मुलानेंच वहींत मांडला. आणि ती भरून काढण्यासाठीं धान्य-भाजी धुतलेलें नव्हे, तर पावसाळ्यांत टाकींत सांठवलेलें पाणी वापरावयाचें ठरलें. विहिरीचें पाणी शक्यतों टाळलें. कारण उन्हानें पाणीच तेवढें उडतें, क्षार मागें राहतात, आणि भर घालीत गेलें कीं ते वाढतच जातात. खारपाणपट्ट्यांतल्या कोणत्याही घरानें हें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

तळाचें जें पाणी काढावयाचें तें भाजीच्या वाफ्यांना जातें. त्यांत जंतूंनीं केलेला सोरा असतो, त्यामुळें मेथी-पालक तरारून येतात. म्हणजे जें पाणी तळ्याला लागतें तेंच पुढें भाजीला लागतें, दोनदां नवें लागत नाहीं. तळें ठेवण्याचा अधिकार पाणी बदलणाऱ्याला नाहीं. पाणी राखणाऱ्याला आहे. नरनाळ्याच्या टाक्यांनीं, पूर्वविदर्भाच्या तलावांनीं आणि वॉरिंग्टनच्या त्या लहानशा कांचपात्रानें आपल्याला एवढेंच शिकविलें आहे.

गेल्या खेपेस मी हिवरखेडला गेलों होतों तेव्हां सकाळीं परसांत बसलों होतों. सहाही मासे कमळाच्या पानाखालीं सावलींत फिरत होते. इतक्यांत कुंपणापलीकडून शेजारीणबाईंनीं रिकामी बादली पुढें केली आणि मुलाला म्हणाल्या, “बाबू, तुह्या तयातलं थोडं पाणी दे रे, माह्या मेथीले घालतो.” मुलानें तळाशीं जपून बादली बुडविली, गोगलगाय आली नाहीं ना तें पाहिलें, आणि भरलेली बादली कुंपणावरून पलीकडे दिली.